पाकीट वेगळं, पत्र वेगळं

ताई, नमस्कार.

माझं नाशिकच्या अंबडला छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, तीन लेथ, सात माणसं. जॉबवर्क करतो. वय बावन्न. ई-मेलनं मला जेरीस आणलंय. तीन वर्षांपूर्वी भाच्यानं वेबसाइट काढून दिली, तेव्हाच शॉपच्या नावाचा मेल आयडीही दिला. पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो आता हैदराबादला. मी परचेसवाल्यांना कोटेशन पाठवतो, उत्तर येत नाही. फोन केला की म्हणतात, ‘मेल आलाच नाही.’ माझ्याकडे तर ‘सेंट’ दिसतो. त्यांनी पाठवलेले मेल कधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसतात, मोबाइलवर दिसत नाहीत. गेल्या महिन्यात एका कंपनीनं पाच-सहा व्हेंडरांना एकत्र मेल करून रेट मागवले. मी उत्तर दिलं ते सगळ्यांना गेलं. आता अख्ख्या अंबडला माझा रेट पाठ आहे. आणि परवा आमच्या स्टीलवाल्याचा मेल आला की त्यांचं बँक खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यावर करा. एक लाख ऐंशी हजार द्यायचे आहेत. करू का? व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं सुरळीत चालतं, मग हे मेलचं झेंगट कशाला? आणि या वयात मला ते समजेल का?

अंबडचा एक जॉबवर्कवाला

भाऊ,

तुमचं पत्र मला अकरा दिवस उशिरा दिसलं. ते स्पॅमच्या ढिगात होतं. वर लॉटरी लागल्याचा मेल, खाली गुडघेदुखीच्या तेलाचा, मध्ये तुम्ही. मी दर शनिवारी त्या कप्प्यात डोकावते म्हणून सापडलं. नाहीतर तीस दिवस झाले की जीमेल ते आपणहून पुसून टाकतं. मग तुम्ही म्हणाला असतात, ताईंना लिहिलं होतं, त्यांनी साधी पोच दिली नाही.

पैशाचं उत्तर मी त्याच संध्याकाळी दोन ओळींत कळवलं होतं. एक रुपयाही पाठवू नका, आणि स्टीलवाल्याला तुम्ही इतकी वर्षं ज्या नंबरवर फोन करताय त्याच नंबरवर करा, मेलमध्ये छापलेल्या नंबरवर नको. तुम्ही केलात, आणि त्यांनी खातं बदललेलंच नव्हतं. त्यावर पुढे बोलूच.

तुम्ही चार-पाच दुखणी लिहिलीत. बहुतेकांचं मूळ मला एकच दिसतं. ई-मेलमध्ये पाकीट वेगळं असतं आणि पत्र वेगळं असतं. स्क्रीनवर आपल्याला दिसतं ते पत्र. पाकीट कुणी दाखवत नाही, म्हणून ते असतं हेच आपल्याला माहीत नसतं.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. देशाची टपाल तिकिटं जिथं छापली जातात ते इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ सालापासूनचं. त्यामुळे आमच्या घरात पाकिटाला फार मान. पाकिटावरचा पत्ता पोस्टासाठी, आतला मायना माणसासाठी, असं वडील सांगायचे. पोस्टमन मायना वाचत नाही. ई-मेलचं अगदी तेच आहे, फक्त पोस्टमन माणूस नाही.

तुम्ही ‘सेंड’ दाबलं की मेल थेट परचेसवाल्याकडे जात नाही. आधी तो तुमच्या मेलसेवेच्या सर्व्हरकडे जातो. हे आपलं पोस्ट ऑफिस. तो सर्व्हर पत्त्यातला ‘अ‍ॅट द रेट’च्या पुढचा भाग वाचतो, म्हणजे कंपनीचं डोमेन, आणि इंटरनेटच्या पत्तेवहीत, डीएनएसमध्ये, बघतो की या डोमेनचं टपाल कुणाकडे द्यायचं. त्या नोंदीला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. ‘अ‍ॅट द रेट’च्या आधीचं माणसाचं नाव रस्ता शोधताना कुणी बघतही नाही. पिनकोड बघून थैली गावाकडे रवाना करायची, घर कुठलं ते तिथला पोस्टमन बघेल, तसं.

त्या चिन्हाचंही सांगते, कारण तुमच्या बिलबुकात ते रोज असतं. ५०० नग, मग ते चिन्ह, मग ४२ रुपये. दरासाठी. म्हणूनच आपण सगळे त्याला ‘अ‍ॅट द रेट’ म्हणतो. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या इंजिनियरनं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पहिल्यांदा नेटवर्कमधून निरोप पाठवला. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारी-शेजारी होती, पण निरोप गेला नेटवर्कच्या वाटेनं. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये घालायला त्याला असं चिन्ह हवं होतं जे कुणाच्या नावात येत नाही. त्यानं हिशेबाच्या वहीतलं हे उचललं. तेव्हा हे चिन्ह मुळात तुमच्याच धंद्यातलं आहे, परकं नाही.

तर, दोन सर्व्हरांची भेट होते. त्यांचं बोलणं एसएमटीपी नावाच्या रीतीनं चालतं. १९८२ साली ती कागदावर ठरली, आणि इतकी साधी आहे की मला तिचं कौतुक वाटतं. पहिला म्हणतो, हेलो. (आज्ञा चार अक्षरांची ठेवायची म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला एक एल गाळलाय.) मी अमक्या ठिकाणाहून आलोय. पाठवणारा अमुक. घेणारा तमुक, राहतो का तुमच्याकडे? समोरचा प्रत्येक वाक्याला आकड्यात उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक. ५५० म्हणजे असा कुणी नाही, किंवा घेणार नाही, परत ने. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळानं ये. मग पहिला सर्व्हर पुन्हा पुन्हा खेपा घालतो, साधारण चार-पाच दिवस, आणि मगच हात टेकतो. आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात अडकलेल्या रिक्षावाल्यापेक्षा त्याला सहनशक्ती जास्त.

हे ‘पाठवणारा अमुक, घेणारा तमुक’ झालं पाकीट. त्यानंतर पत्र आत सरकवलं जातं, आणि त्या पत्राच्या माथ्यावर पुन्हा एकदा प्रेषक, प्रति, विषय लिहिलेलं असतं. तुमच्या मोबाइलवर दिसतं ते हे माथ्यावरचं. पाकिटावर एक नाव आणि माथ्यावर दुसरंच असलं, तरी १९८२ च्या त्या रीतीत अडवणारं कुणी नव्हतं. तेव्हा मोजके लोक, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. वाड्यात दाराला कडी लावत नाहीत तसं.

आता तुमच्या ‘सेंट’कडे येऊ. ‘सेंट’चा अर्थ एवढाच की तुमच्या पोस्टानं पत्र घेतलं. पुढे कंपनीच्या सर्व्हरनं ते नाकारलं असेल, स्पॅममध्ये लोटलं असेल, किंवा परचेसवाल्याच्या दीडशे न वाचलेल्या मेलखाली ते गाडलं गेलं असेल. नाकारलं तर ‘मेलर डीमन’ नावानं एक अगम्य इंग्रजी पत्र परत येतं. बरेच लोक ते व्हायरस समजून न वाचता डिलीट करतात. करू नका. त्यातला तीन आकडी नंबर शोधा. ५५० दिसलं की आधी पत्त्याचं स्पेलिंग तपासा, मग खालचं कारण वाचा.

तुमच्या बाबतीत मात्र मला रोग सापडलाय, कारण नमुना माझ्याच हातात आहे. तुमचं पत्र मी जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ करून उघडलं. तिथं पाकीट दिसतं. त्यात एसपीएफची नोंद नाही, डीकेआयएमची सही नाही. नावं भयंकर आहेत, काम सोपं आहे. कडी न लावलेल्या त्या वाड्याला नंतर लोकांनी तीन कड्या लावल्या. एसपीएफ ही तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये लिहिलेली एक ओळ: ‘आमच्या नावाचं टपाल फक्त या-या सर्व्हरवरून निघतं.’ घेणारा पाकिटावरचं डोमेन आणि ही ओळ ताडून बघतो. डीकेआयएम म्हणजे पत्रावर मारलेलं लाखेचं सील. वाटेत कुणी मजकूर बदलला तर ते मोडतं. आणि डीएमएआरसी विचारतं की पत्राच्या माथ्यावरचं नाव पाकिटाशी किंवा सीलशी जुळतंय का, आणि जुळत नसेल तर काय करायचं.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनं यात कडक धोरण घेतलं. जीमेलवर पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम हवं, आणि रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याकडे तिन्ही. तुमच्याकडे दोन्ही नाहीत. म्हणजे तुम्ही ना प्रेषकाचं नाव, ना शिक्का, अशी पाकिटं कंपन्यांच्या गेटवर नेऊन देताय आणि वॉचमन ती बाजूला टाकतोय. परचेसवाला खोटं बोलत नव्हता. ‘मेल आलाच नाही’ हे त्याच्यापुरतं खरं होतं.

उपाय तासाभराचा आहे आणि फुकट आहे. ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याच्या पॅनेलमध्ये एसपीएफची ओळ घालायची. ती काय लिहायची हे तुमची मेलसेवा देणारा सांगतो. ओळ एकच असू द्या. जुनी ठेवून नवी घातली तर दोन्ही बाद होतात. डीकेआयएम मेलसेवेच्या सेटिंगमध्ये चालू करायचं आणि त्यांनी दिलेली नोंद डीएनएसमध्ये चिकटवायची. डीएमएआरसी त्यानंतर. भाचा हैदराबादहून करू शकेल. पण त्याच्याशी बोलणार आहातच, तर याहून मोठी गोष्ट मागून घ्या.

डोमेनचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

मला खात्री आहे, भाच्याच्या. त्याच्या मेल आयडीवर, त्याच्या मोबाइल नंबरवर, त्याच्या कार्डावर. तो भला मुलगा असेल, माझं काही म्हणणं नाही. पण डोमेनची मुदत संपते, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या आयडीवर जाते, तो लग्नाच्या गडबडीत असतो, आणि एका सकाळी तुमचं डोमेन नाही, वेबसाइट नाही, मेलही नाही. जमिनीच्या बाबतीत नाशिक जिल्ह्यातला कुठलाही माणूस हे खपवून घेणार नाही. तलाठ्याकडे दहा खेपा घालेल. डोमेनच्या बाबतीत मात्र ‘भाच्यानं केलंय, तोच बघतो’. खातं तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइलवर करून घ्या. मेलचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आणि सेटिंगमध्ये जाऊन तुमचे मेल दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होत नाहीत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. का, ते पुढे कळेल.

ऑफिसवर दिसतो, मोबाइलवर दिसत नाही, हे कोडं लहान आहे. ऑफिसचा कॉम्प्युटर ‘पीओपी’ या जुन्या पद्धतीवर लावलेला असणार. ती पद्धत पेटीतली पत्रं काढून घरी घेऊन जाते. मोबाइल नंतर पेटी उघडतो तेव्हा ती रिकामी. दोन्हीकडे ‘आयमॅप’ लावा. त्यात पत्रं पेटीतच राहतात, सगळी यंत्रं तिथं येऊन वाचतात. बदल करण्याआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या मेलची कॉपी काढून ठेवा, हे विसरू नका.

आता त्या रिप्लायचं.

यात पहिली चूक त्या परचेसवाल्याची. सहा व्हेंडरांचे पत्ते त्यानं ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये उघडे ठेवले. एकमेकांचे स्पर्धक, आणि सगळ्यांना सगळ्यांची नावं दिसतायत. ते ‘बीसीसी’त घालायला हवे होते. पाकीट आणि पत्राचा फरक इथं फार छान दिसतो: बीसीसीतल्या माणसाचं नाव पाकिटावर असतं, म्हणून त्याला मेल पोहोचतो, पत्राच्या माथ्यावर नसतं, म्हणून इतरांना तो दिसत नाही. एवढीच त्यामागची जादू. दुसरी चूक तुमची, ‘रिप्लाय ऑल’. ती मी तुम्हाला माफ करते, कारण माझी याहून मोठी आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं ऑफिस सांभाळलं. टेलेक्सपासून सुरुवात, मग फॅक्स. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याकडे एक डायल-अप जोडणी आली. साहेब मेल कागदावर लिहून द्यायचे, मी टाइप करून पाठवायचे, आलेल्या मेलचं प्रिंट काढून पंच करून फायलीला लावायचे. पुढे सगळ्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आले, आणि एका दुपारी मी पगारवाढीचा तक्ता एका मॅनेजरऐवजी ‘सर्व कर्मचारी’ या यादीला पाठवला. हातपाय गार पडले. मग सुचलं, ‘रिकॉल’ करू. केलं. त्यामुळे सगळ्यांना आणखी एक मेल गेला, की या बाई अमुक विषयाचा मेल परत घेऊ इच्छितात. ज्या निम्म्या लोकांनी पहिला मेल उघडला नव्हता त्यांनीही शोधून उघडला.

बाहेर पडलेला मेल परत येत नाही, भाऊ. पत्राची प्रत समोरच्याच्या सर्व्हरवर पोचली की ती त्याची झाली. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ आहे, पण तीही गंमतच: मेल काही सेकंद खिशात धरून ठेवायचा आणि मग टाकायचा. ती मुदत सेटिंगमध्ये पाचावरून तीस सेकंदांवर न्या. आणि त्या दुपारनंतर मी लावून घेतलेली सवय सांगते: पत्ता सगळ्यात शेवटी टाइप करायचा. आधी मजकूर, मग जोडपत्र, मग एकदा वाचन, मग पत्ता. उत्तर देताना पत्ते आपोआप येतात, तेव्हा ते आधी पुसून टाकायचे. पत्त्याशिवाय मेल चुकूनही जात नाही.

फुटलेल्या रेटचं फार मनाला लावून घेऊ नका. परचेसवाल्याला फोन करा, चहाला म्हणून जा, आणि मटेरियलचा ग्रेड, क्वांटिटी, डिलिव्हरी बदलून नवं कोटेशन एकट्याला द्या. आणि जाताजाता हसत म्हणा, साहेब, पुढच्या वेळी आम्हाला बीसीसीत ठेवा.

आता स्टीलवाला.

तो मेल तुम्ही मला पाठवलात. नाव बरोबर, लोगो बरोबर, खाली सही बरोबर, आणि ज्याच्यामुळे तुम्ही भुललात तो बिल नंबरही बरोबर. पण नावावर बोट ठेवून पत्ता उघडलात तर दिसलं असतं, की स्टीलवाल्याचं डोमेन ‘डॉट कॉम’वर संपतं आणि या मेलचं ‘डॉट को’वर. एक अक्षर कमी. कधी इंग्रजी आर आणि एन जोडून लिहितात, ते एम दिसतं. मोबाइलच्या बारीक अक्षरात तर कुणीही फसेल.

इथं एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या. वर सांगितलेल्या तिन्ही कड्या या मेलला लागून बसलेल्या असतील, म्हणजे एसपीएफ बरोबर, सील बरोबर, सगळं बरोबर. कारण ते डोमेन चोरानं स्वतःच विकत घेतलंय आणि स्वतःच्या नावाचे शिक्के तो व्यवस्थित मारतोय. कड्या एवढंच सांगतात की पत्र खरोखर त्या डोमेनहून आलं. ते डोमेन कुणाचं, आणि माणूस सज्जन आहे का, हे त्यांचं काम नाही.

मला रात्री झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. बिल नंबर त्याला कळला कसा? याचा अर्थ, कुणाची तरी पेटी कुणीतरी गुपचूप वाचतोय. स्टीलवाल्याची किंवा तुमची. हे लोक पेटीत शिरतात, काही मोडत नाहीत, महिनोन्‌महिने नुसतं वाचतात, एखादा फॉरवर्डचा नियम लावून ठेवतात आणि मोठं बिल निघालं की मध्ये उभे राहतात. म्हणून मी पासवर्ड आणि फॉरवर्डिंगचं मघाशी सांगितलं. आणि पेटीच ताब्यात असेल तर उद्या हाच मेल स्टीलवाल्याच्या खऱ्या पत्त्यावरूनही येऊ शकतो, अक्षरालाही फरक नसलेला. तेव्हा पत्ता बारकाईनं बघणं पुरत नाही. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन, आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे नाहीत. तुमच्या अकाउंटवाल्यालाही हे सांगा, भिंतीवर लिहून लावा हवं तर. स्टीलवाल्यानं राग मानला तर मानू दे. तसा तो मानणार नाही, वाचलेले पैसे त्याचेच आहेत.

आणि कधी पैसे गेलेच, तर लाजत घरी बसू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, त्यावर त्याच मिनिटाला फोन लावा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच अडतात.

आता तुमचे मेल. कोटेशनचे तीन नमुने तुम्ही सोबत जोडलेत. तिन्हींचा विषय ‘कोटेशन’. परचेसवाल्याच्या पेटीत ‘कोटेशन’ नावाची दोनशे पत्रं असतील. लग्नाच्या मांडवात ‘अहो’ म्हणून हाक मारण्यासारखं आहे हे. आणि आतला मजकूर असा: ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट, प्लीज फाइंड अटॅच्ड हियरविथ अवर बेस्ट ऑफर. काइंडली डू द नीडफुल.’ या चार ओळींत माहिती शून्य आहे. दोष तुमचा नाही, आपण सगळे हेच वाचत मोठे झालो. मीच हजारो वेळा टाइप केलंय.

माझ्या हातानं लिहिलं असतं तर विषय असा: ‘बुश, ड्रॉइंग ११४, ५०० नग: दर आणि डिलिव्हरी’. आणि मजकूर: ‘साहेब, ड्रॉइंग ११४ च्या ५०० नगांना नगामागे ४२ रुपये, जीएसटी वेगळा. मटेरियल आमचं. ऑर्डरपासून १२ दिवसांत डिलिव्हरी. दर ३० तारखेपर्यंत लागू. एक शंका आहे: बोअरचा टॉलरन्स ड्रॉइंगवर पुसट आहे, तो कळवाल का? सविस्तर कोटेशन सोबत आहे.’ बस. जोडपत्र न उघडता त्याला निर्णय घेता आला पाहिजे. मोबाइलवर विषय आणि पहिली ओळ एवढंच दिसतं, तिथंच दर दिसला पाहिजे. शेवटी एकच प्रश्न विचारलाय तो मुद्दाम. प्रश्न असला की माणसाला उत्तर द्यावंसं वाटतं. तीन प्रश्न विचारले तर तो सोप्या एकाचं उत्तर देतो आणि दोन सोडतो, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव.

जोडपत्राचं वजन सांभाळा. जीमेलची मर्यादा २५ एमबी, अनेक कंपन्यांची त्याहूनही कमी. आणि फाइल मेलमध्ये गेली की फुगते, हे कुणी सांगत नाही. मेलची वाट मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली, म्हणून फोटो, ड्रॉइंग सगळं आधी अक्षरांत उतरवावं लागतं आणि दर तीन बाइटचे चार होतात. वीस एमबीची फाइल वाटेत सत्तावीसच्या आसपास जाते. मोठं ड्रॉइंग गुगल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या.

फॉलोअप दोन दिवसांनी, त्याच मेलला रिप्लाय करून, म्हणजे मागचा सगळा इतिहास खाली राहतो. विषय बदलला तर नवा मेल. जुन्या दिवाळी शुभेच्छांच्या मेलला रिप्लाय करून कोटेशन पाठवणारे लोक मी पाहिलेत. आणि तिसऱ्यांदा मेल करण्याऐवजी फोन करा, सरळ.

व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं ना, म्हणता. चालतंच. ‘गाडी निघाली’, ‘इन्सर्ट संपले’ याला व्हॉट्सअ‍ॅपच बरं, मेल करत बसलात तर मी हसेन. पण पैशाचा शब्द मेलवर असू द्या. परचेसवाला नोकरी सोडतो, त्याच्याबरोबर त्याचा नंबर आणि तुमच्या गप्पा जातात. कंपनीच्या पेटीतला मेल सहसा कंपनीकडे राहतो, आणि तुमच्याकडे प्रत असतेच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी कागदासारखी मान्यता आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेलच. तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार, मोठी कंपनी काहीही करार करो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे तुमचं पेमेंट लांबवता येत नाही. आणि डिलिव्हरीनंतर पंधरा दिवसांत तिनं लेखी तक्रार केली नाही तर माल डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. डिलिव्हरी कधी झाली, तक्रार आली की नाही, हे दाखवायची वेळ आली की त्या दिवशीचा ‘५०० नग आज चलन क्रमांक अमुकनं पोच केले’ हा एका ओळीचा मेल कामाला येतो. डिलिव्हरीच्या संध्याकाळी तो टाकायची सवय लावा.

मराठीत लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही नमुन्यांच्या खाली पेन्सिलीनं विचारलंय. समोरचा मराठी असेल तर बेलाशक. देवनागरी मजकूर आता कुठल्याही फोनवर नीट उमटतो. परप्रांतीय साहेब असेल तर साधं इंग्रजी, चार शब्दांची वाक्यं.

राहिलं वय. तुम्ही मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचता, आवाजावरून सांगता की टूल बोथट झालंय. हे त्याहून अवघड नाही.

आधी भाच्याला फोन, मग पासवर्ड, मग ती एसपीएफची ओळ. ती चढली की मला एक मेल टाका, मी पुन्हा पाकीट उघडून बघते आणि कळवते. या वेळी विषयाच्या जागी काहीतरी लिहा. मागच्या खेपेला ती कोरीच होती.